न खणता लावायचं झाड

कडियम, आंध्र प्रदेश
६ ऑगस्ट २०२३

मावशी,

हात चिखलाचे आहेत म्हणून कागदावर डाग पडलेत, ते मी तुमच्या पाया पडल्याचे समजा. तुमचं पत्र मिळालं. पत्ता अर्धाच होता तरी मिळालं, कारण इथल्या सगळ्या नर्सऱ्यांत मराठी वाचणारा मी एकटाच. पोस्टमननं लांबूनच पाकीट हलवलं.

फोन का करत नाहीस म्हणून विचारता. एका कानानं तुम्हाला ऐकू येत नाही आणि फोन तुम्ही नेमका त्याच कानाला लावता. मी म्हणतो ताप आलाय, तुम्ही म्हणता व्हय व्हय, पाऊस हितं बी हाय. त्यापेक्षा पत्र बरं.

आता तुमचं काम. माकणीच्या शेताच्या कोपऱ्याला फुलझाडं लावायचीत. पाणी घालायला कुणी जाणार नाही, शेळ्यांनी खाऊ नयेत, एका मोसमात मरू नयेत, आणि झेंडू नको. माकणीचं नाव तुमच्या तोंडून मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं. आजोबा गेल्यापासून ती चार एकर बलभीमकाकांकडं बटईनं आहेत, एवढंच मला माहीत. 'तिकडं जाऊ नको, लोक तुझ्या आईबद्दल वंगाळ बोलतात' असं म्हणून तुम्ही मला तिकडं फिरकू दिलं नाही. आणि आता एकदम बाग?

पण प्रश्न आवडला. इथं साल्व्हिया नावाचं झाड आहे, मालक त्याला सेज म्हणतात. तुळशीच्या जातीतलं. दांडी बोटांत धरून फिरवली की कळतं, ती गोल नाही, चौकोनी आहे. हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी अर्धा दिवस दिसेल त्या झाडाची दांडी फिरवत बसलो आणि सुपरवायझरनं माझी बदली खताच्या ढिगावर केली. पानाला असा उग्र वास की शेळी तोंड लावते आणि मान झटकून निघून जाते. पाणी जास्त झालं तर मरतं, कमी झालं तर मरत नाही. हे झाड आपल्या जिल्ह्यासाठीच जन्माला आलं असणार, चुकून दुसरीकडं गेलं. फुलं लाल, जांभळी, निळी, पांढरी. तुम्हाला कुठली?

झेंडू मलाही नको, ते तुम्हाला सांगायला नको. वडील मी रांगत असतानाच गेले, आणि आईचं मला एकच आठवतं. ती खुर्चीत बसली होती, अंगावर नवं लुगडं, गळ्यात झेंडूचे हार, कपाळ भरून विभूती, भोवती माणसंच माणसं आणि टाळ वाजत होते. मी हाक मारली तर तिनं माझ्याकडं बघितलं नाही. दुसऱ्या लग्नाला बसलेली बाई कशाला बघंल.

गेल्या महिन्यात राजमुंद्रीच्या बाजारात एक बाई दिसली. उजव्या भुवईवर व्रण, तुम्ही सांगितला होता तसा. मी केळीच्या घडाआड उभा राहून तासभर बघितलं, मग मागं मागं गेलो. तिनं तेलुगूत असं काही झाडलं की आजूबाजूचे लोक हसायला लागले. आई नव्हती. पण एक दिवस सापडंल. सापडली की फक्त विचारायचंय, बघितलं का नाहीस. मग मी घरी येईन.

तुमचा
रुद्रेश

---

जळकोट
२५ ऑगस्ट २०२३

चिरंजीव रुद्रेशला मावशीचा आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. ताप आलता का खरंच? त्याचं काय लिहिलं न्हाईस. तुझं असंच. चौकोनी दांडी लिहितूस आन तब्येत लिहीत न्हाईस.

शेळी खात न्हाय हे बरं झालं. पाण्याचं बी जमलं. लाल नको. निळं असंल तर निळं बघ.

एक राहिलं. तिथं खणायचं न्हाय. वरच्या वर लागंल असं पायजे. जागा चार हात लांब, चार हात रुंद, जरा उंचवटा हाय. बलभीमचा ट्रॅक्टर तिथं अडतोय. दर पेरणीला म्हणतोय, अक्का, सपाट करून टाकू का. आता त्याचा लेक वीरभद्र ट्रॅक्टर चालवतोय, त्या पोराला इचारायची बी सवय न्हाय. फुलं असली म्हंजी कुणी बी वळवून घेईल. फुलावर चाक घालायला माणूस कचरतोय.

बायांच्या मागं हिंडू नको. एक दिवस मार खाशील. किती वर्सं झाली. सोड आता.

मावशी

---

होसूर
१९ सप्टेंबर २०२३

मावशी,

कडियम सोडलं. कारण विचारू नका, मलाही नीट माहीत नाही. एक ट्रक गुलाबाची कलमं घेऊन होसूरला निघाला होता आणि ड्रायव्हरला बोलायला माणूस पाहिजे होता. ड्रायव्हर विजापूरचा निघाला. तुम्ही शिकवलेलं कानडी चाललं, फक्त तो म्हणाला, तू बायकांसारखं बोलतोस. बायकोकडून शिकलास का? म्हटलं, मावशीकडून.

तुमचं पत्र कडियमहून फिरून इथं आलं. न खणता झाड. मावशी, मी सहा वर्षांत सात नर्सऱ्यांत राबलो, पण असली मागणी कुणी केलेली ऐकली नाही. इथल्या म्हाताऱ्या माळ्याला सांगितलं तर तो म्हणाला, गिऱ्हाईकाला प्लॅस्टिकची फुलं दे.

समजून घ्या. आपली जमीन काळी. पावसात पाणी धरून बसते, आणि ह्या झाडाचे पाय ओले राहिले की मुळं कुजतात. म्हणून दीड फूट खड्डा घ्यायचा, तळाला मुरूम घालायचा, खडी घालायची, मग रोप. खणल्याशिवाय खालची माती कशी आहे ते कळायचं कसं? डॉक्टर नाडी न बघता गोळी देतो का? देतो, लोहाऱ्याचा देतो, पण मी तसला नाही.

मला वाटतं तुम्ही काहीतरी लपवताय. चार हात बाय चार हात, उंचवटा, निळी फुलं. पोरगी बघितलीत काय माझ्यासाठी? बघायला येणारे पाहुणे शेतावर नेऊन बसवायचेत? तसं असेल तर सांगून ठेवतो, आई सापडेपर्यंत मी बोहल्यावर उभा राहणार नाही. पोरीला काय सांगू? माझी आई मला टाकून नटूनथटून निघून गेली?

एक गोष्ट बघितली, ती सांगायचीच आहे. ह्या फुलाला आत एक बारीक दांडी असते. मधमाशी रस प्यायला आत शिरली की तिच्या डोक्याचा धक्का लागतो आणि वरून दांडी खाली येते, माशीच्या पाठीवर टेकते, परागकण लावते आणि परत वर जाते. मी गवताची काडी घालून बघितलं. खरंच येते. काडीच्या पाठीवर थाप पडली. मी चाळीस-पन्नास फुलांत काडी घातली असंल. सगळ्यांनी थाप दिली. माळी म्हणाला, तुझं लग्न कर.

कृष्णगिरीला बसस्टँडवर एक बाई होती. नाही, आई नव्हती.

रुद्रेश

---

जळकोट
९ ऑक्टोबर २०२३

रुद्रेश,

खणायचं न्हाय म्हणलं की न्हाय. तुझी सात नर्सऱ्यांची अक्कल तुझ्यापाशी ठेव. उंचवट्यावर आनिक माती टाकून लावता येत असंल तर सांग. मुरूम लागंल तर बलभीमला सांगून टाकते. खालच्या मातीचं तुला काय करायचंय? ती चांगली हाय.

पोरगी बिरगी काय न्हाय.

तुझ्याशी एकदा समोर बसून बोलायचंय. पत्रात लिहिण्यासारखं न्हाय. दिवाळीला ये. गेली दोन वर्सं आला न्हाईस. करंज्या करीन.

मावशी

---

होसूर
२ नोव्हेंबर २०२३

मावशी,

ठरलं. बारीक पानाची, निळी, बुंधा पुढं लाकडासारखा होतो ती जात. मखमली जांभळी जास्त देखणी होती, पण ती अंगानं मोठी आणि आपल्या एप्रिलमध्ये टिकंल असं वाटत नाही. लाल-पांढरीही बघितली. फुलाचा अर्धा भाग लाल, अर्धा पांढरा. तुम्ही लाल नको म्हणालात म्हणून सोडून दिली. निळीच्या फांद्या मी स्वतः तोडून वाळूत लावल्या, तीन आठवड्यांत मुळं फुटली. नऊ रोपं धडधाकट आहेत.

एक सांगून ठेवतो, मागाहून घाबरू नका. उन्हाळ्यात हे झाड मेल्यासारखं दिसतं. पानं गळतात, काड्या उरतात. उपटायचं नाही. नखानं साल थोडी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे.

दिवाळीला येणं होणार नाही, इथं सगळ्यात जास्त काम तेव्हाच असतं. रोपं मी कुणाच्या तरी हाती पाठवतो. तुम्ही काही करू नका, बलभीमकाकांना मुरूमही टाकायला सांगू नका. एक दिवस माकणीला जाल आणि बाग तयार दिसंल, बघाच.

बोलायचं ते पत्रात लिहा. पत्रात न मावणारं असं काय असतं?

रुद्रेश

---

माकणी
२६ नोव्हेंबर २०२३

'मावशी' असं लिहायला बसलो होतो. तेवढा शब्द लिहून झाला, पुढं हात चालला नाही. म्हणून दुसरा कागद घेतला आणि वर काहीच लिहिलं नाही.

काल सकाळी मी जळकोटवरून गेलो. बस थांबली होती. तुमची गल्ली दिसली. उतरलो नाही, कारण आधी झाडं लावून मग तुम्हाला घेऊन यायचं होतं. उमरग्याला उतरलो, तिथून माकणी. नऊ रोपं खोक्यात, खोकं मांडीवर.

कोपरा सापडायला वेळ लागला नाही. ट्रॅक्टरच्या चाकांची वळणं जिथं होती तिथं उंचवटा. बलभीमकाका नव्हते. खोपीतून टिकाव आणि खोरं घेतलं. तुम्ही खणू नको म्हणालात ते लक्षात होतं. मला वाटलं, मावशीला काय कळतंय झाडातलं. बरोबर मधोमध पहिला खड्डा घेतला.

माती मऊ लागली. मला आनंद झाला. मनात तुम्हाला पत्रही लिहायला लागलो होतो, बघा, उगाच घाबरत होता. बाजूला सगळी दगडासारखी घट्ट काळी माती आणि इथंच तेवढी भुसभुशीत. माती आधी कुणी खणलेली असली तरच अशी लागते. हे मी दुसऱ्यांना शिकवतो. काल माझ्या डोक्यात ते आलं नाही.

हातभर गेलो आणि काका पळत आले. एका पायात चप्पल. ओरडले नाहीत. येऊन टिकावाचा दांडा धरला.

"कुणी सांगितलं रं खणायला?"

"मावशीनं. फुलझाडं लावायला."

"लावायला सांगितलं. खणायला सांगितलं का?"

मी म्हटलं, न खणता झाड कसं लावतात काका, तुम्हीच सांगा. मी हसत होतो, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितो. मी हसत होतो.

ते म्हणाले, "पोरा, तिला बसवलंय. डोकं वरच्या अंगाला हाय. आनिक दोन हात गेला असतास तर आईच्या डोक्यात टिकाव घातला असतास."

मी विचारलं, कुणाच्या आईच्या?

काकांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांची थट्टा करतोय. मग त्यांचा चेहरा बदलला. "म्हंजी तुला म्हाईत न्हाय?" असं म्हणून ते ढेकळांत खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. साठ वर्षांचा माणूस.

मग मी विचारत गेलो, ते सांगत गेले. भुवनेश्वरी. माझीच आई. संक्रांतीच्या आधी. मी पाच वर्षांचा. कडब्याच्या पेंढ्या बांधत होती, पेंढीत नाग होता. दवाखान्यापर्यंत पोचली नाही. मी विचारलं, खुर्ची कुठली होती? काका म्हणाले, शाळेची. हेडमास्तरची खुर्ची मागून आणली होती, हात असलेली पाहिजे होती म्हणून. मी विचारलं, झेंडू? म्हणाले, माझ्याच रानातला. भजनी मंडळ कास्ती गावचं होतं.

म्हणजे मला जे आठवतं ते खरं आहे. सगळं खरं आहे. खुर्ची, लुगडं, हार, विभूती, टाळ. फक्त लग्न नव्हतं.

आपल्यात माणूस गेलं की बसवतात, नटवतात, बसवूनच पुरतात. हे मला आज कळलं असं नाही. हे मला माहीत आहे. मग मी एकाही मयतीला कधी गेलो कसा नाही, म्हणून काल रात्रभर आठवत बसलो. शेजारच्या कस्तुराबाई गेल्या तेव्हा तुम्ही मला नळदुर्गला गूळ आणायला पाठवलं. गुळाची अख्खी ढेप घरात होती. सोसायटीचे अण्णा गेले तेव्हा दोर आणायला. आजोबा गेले तेव्हा परीक्षा आहे म्हणून मला घरीच ठेवून तुम्ही एकट्या माकणीला गेलात. शाळेतले गुरुजी गेले तेव्हा मला ताप आलाय असं तुम्हीच ठरवलं आणि दाराला बाहेरून कडी घातली. मी मयत बघितली असती तर मला खुर्ची ओळखू आली असती.

तुम्हाला एकेक वेळ ठरवून करावी लागली असंल. मला तेच समजत नाही. एकदा खोटं बोलणं समजतं.

जळकोट इथून लांब नाही. मी येणार नाही. काका उद्या बियाण्यासाठी तिकडं चाललेत, त्यांच्या हाती हे देतो. खड्डा बुजवला. हातांनी बुजवला. रोपं खोक्यातच आहेत.

रुद्रेश

---

जळकोट
२८ नोव्हेंबर २०२३

रुद्रेश,

बलभीमनं पत्र दिलं आन उभाच ऱ्हायला. च्या घे म्हणलं तर नको म्हणाला. अक्का, तुमी पोराला सांगितलं न्हवतं? आमी समदे समजत हुतो तुमी सांगितलंय. एवढं बोलून गेला. तो बी असा बघत हुता की म्या वळखीची न्हाय.

तुझं पत्र वाचल्यापास्नं एकच शब्द डोळ्यापुढं हाय. टिकाव. म्या खणू नको म्हणून दोनदा लिहिलं. कारण लिहायचं धाडस झालं न्हाय. तेवढ्या एका वळीसाठी तुझ्या हातनं काय झालं असतं.

आता लिहिते. पत्रात मावंल तेवढं.

त्या दिशी तुला काखेत घेऊन म्या मागल्या दारानं निघाले. तू पाठीमागं वळून इचारलंस, आई नटून कुठं चाललीया. माझ्या तोंडातनं गेलं, लग्नाला. लेकराला दुसरं काय सांगणार? वाटलं, आठ दिसांनी सांगू. मग म्हैन्यानं सांगू. तू जेवायला लागला हुतास, हसायला लागला हुतास.

दहा वर्सांचा झालास तवा सांगायचं ठरवलं. उपास केला त्या दिशी. तू शाळेतनं आलास, दप्तर टाकलंस आन म्हणालास, मावशी, मला समदं म्हाईत हाय. आईनं दुसरं लग्न केलं. आई लग्नाला गेली म्हणलं की पोरं तसंच म्हणत्यात. तुमी रडू नका, मी हाय की. आन माझ्या डोळ्याला तुझा सदरा लावलास.

म्या गप बसले. तू मला समजावत हुतास आन ते मला ग्वाड लागत हुतं. मला पोटचं लेकरू न्हाय. खरं सांगितलं असतं तर तू माकणीला जाऊन तिच्यापाशी बसला असतास. माझ्याकडं कोण ऱ्हायलं असतं? तू तिला शोधायला घर सोडशील हे ध्यानात आलं न्हाय. मेलेल्या बहिणीचा हेवा केला म्या. तिच्या नावाला लोक वंगाळ बोलत्यात हे बी म्याच सांगितलं तुला. तिथं कुणी बोलत न्हवतं. माकणीत तिचं नाव अजून चांगलं हाय.

गुळाचं खरं हाय. दोराचं बी खरं हाय. कडी बी म्याच घातली.

ये म्हणायचं त्वांड न्हाय.

प्रेमाबाई

---

माकणी
१७ डिसेंबर २०२३

मावशी,

मी इथंच आहे, काकांच्या खोपीत. पुढं कुठं जावं ते कळत नाही. आधी कुठंही जायला कारण होतं.

आठवल्या तेवढ्या बाया कागदावर काढल्या. राजमुंद्रीची केळीवाली. कृष्णगिरीच्या स्टँडवरची. उरुळीत टोमॅटोच्या गाडीवरची, तिच्या नवऱ्यानं माझी कॉलर धरली होती. गुलबर्ग्यात एक नर्स, तिच्यासाठी मी बोट कापून घेतलं आणि पट्टी बांधायला गेलो. सांगलीत एक हळदीच्या गोदामात होती, तिच्या शेजारी मी चार महिने पोती शिवली, शेवटी तिचं गाव विचारलं तर ती जतची. अशा अकरा. सहा वर्षं. आणि ती इथं होती, एका जागी, बसलेली. तुम्ही मला एसटीत बसवून देत होता आणि डब्यात दशम्या बांधत होता.

लोकांना वाटतं माझ्या पायाला भिंगरी आहे. मलाही तेच वाटायचं.

मी तिला किती बोललोय, मावशी. रोज. झोपायच्या आधी दात घासावेत तसं मी तिला बोलायचो.

एकच विचारायचंय. तिच्यावर दगड का नाही? आजोबांच्या समाधीवर आहे, पलीकडं, नाव कोरलेला. तिच्यावर साधा धोंडासुद्धा नाही. धोंडा असता तर मी टिकाव उचलला असता का?

रुद्रेश

---

जळकोट
२२ डिसेंबर २०२३

रुद्रेश,

दगड आणला हुता. तुझ्या आजोबांनी शहाबादचा आणला, नाव घालून. म्या लावू दिला न्हाय. तुला वाचता यायला लागलं हुतं. दुकानाच्या पाट्या वाचायचास, एसटीच्या पाट्या वाचायचास. दगडावर नाव दिसलं तर वाचशील म्हणून.

तो दगड बलभीमच्या गोठ्यात हाय. पालथा घातलाय. त्याच्यावर म्हशीची पेंड भिजवत्यात.

प्रेमाबाई

---

जळकोट
१ मार्च २०२४

रुद्रेश,

दोन म्हैने झाले, उत्तर न्हाय. बलभीमला इचारलं. म्हणला, हाय, जेवतोय, कुणाशी बोलत न्हाय, ट्रॉलीनं मुरूम आणून टाकतोय. तब्येत जप.

प्रेमाबाई

---

जळकोट
२० मे २०२४

रुद्रेश,

ऊन लई हाय. डोक्याला बांधत जा. पत्र लिहू नकोस वाटलं तर. नुसता कोरा कागद टाक, म्हंजी कळंल.

प्रेमाबाई

---

माकणी
२२ सप्टेंबर २०२४

मावशी,

कोरा कागद टाकायला निघालो होतो. पोस्टापर्यंत गेलो आणि परत आलो. कोऱ्या कागदावरून तुम्हाला काय समजलं असतं देव जाणे.

दगड वीरभद्रानं आणि मी उचलला. उलटा केला. खालच्या बाजूला शेणामातीचा थर इतका की नाव दिसेना. खराट्यानं घासला, मग नारळाच्या शेंडीनं, मग नखांनी. 'भुवनेश्वरी' असं आहे आणि खाली 'रुद्रेशची आई' असं आहे. हे तुम्ही लिहिलं नव्हतं. आजोबांनी माझं नाव घातलं होतं. मी गोठ्यात उभा होतो आणि म्हैस माझ्या शर्टाची बाही चघळत होती, ते मला फार उशिरा कळलं.

झाडं लागलीत. न खणता लागलीत. उंचवट्याच्या कडेनं दगडांचा गुडघाभर बांध रचला, आत चार ट्रॉल्या मुरूम, खडी आणि वरून थोडी गाळाची माती. सगळं वरच्या अंगाला. तिच्या मातीला हात लावला नाही. होसूरच्या माळ्याला सांगायला पाहिजे, झाड लागतं असं.

तुमचं पत्र आलं तेव्हा मे महिना होता आणि मी घाबरलो होतो. मीच तुम्हाला लिहिलं होतं घाबरू नका म्हणून. नऊच्या नऊ काड्या झाल्या होत्या, हात लावला की कडकड मोडाव्यात अशा. वीरभद्र म्हणाला, दादा, उपटून निवडुंग लाव. मी रोज जाऊन बघायचो आणि खरवडायचा धीर होत नव्हता. शेवटी एके दिवशी नखानं साल काढली. पहिलं वाळलेलं. दुसरं वाळलेलं. तिसऱ्यात हिरवं. मग चौथ्यात. नवांपैकी सहा जगली.

आता फुलं आहेत. निळी. माशा येतात. मी जवळ बसून बघतो. माशी आत शिरते, वरून दांडी खाली येते, पाठीवर टेकते आणि परत जाते. प्रत्येक माशीला. एकीलाही चुकवत नाही. तुमच्या लक्षात आहे का, मी शाळेत जायला निघालो की तुम्ही पाठीवर थाप मारायच्या आणि म्हणायच्या, जा. मला आठवायचं नव्हतं. आठवलं.

ट्रॅक्टर वळवून घेतात. वीरभद्र लांबूनच वळवतो.

तुमच्या बाबतीत माझं अजून काही ठरलेलं नाही. मनात राग आहे, तो जाईल की राहील ते मला माहीत नाही, आणि खोटं सांगायचं नाही. पण एवढं ठरवलंय की ज्या बाईनं मला काखेत घेऊन तिथून नेलं, तिनं एकदा मला परत तिथं आणायला पाहिजे. तुम्ही या. उमरग्याहून माकणीची बस अकराला असते. मी फाट्यावर उभा राहीन. कान कुठला ते मला माहीत आहे, त्या बाजूनं बोलणार नाही.

दगड अजून बसवलेला नाही. तुमच्यासाठी थांबलोय.

येताना झेंडूचा हार आणा. एक मोठा, पिवळा, तसाच. इथं काकांच्या रानातला मिळंल, पण तुम्ही तिकडून आणा, आणि तुमच्या हातांनी दगडावर घाला. मी समोर उभा राहून बघणार आहे. त्या दिवशी मी मान वळवून वळवून बघत होतो आणि तुम्ही मला घेऊन चालला होता. तिचे डोळे मिटलेले होते, बघायचं तर मलाच होतं.

रुद्रेश